मदत हवी आहे: काटकपणा जन्मजात की सवयीचा?

मुलांना हा विषय शिकवायचाय, पण एका जागी अडलेय. तिबेटी लोकांमधल्या ईपीएएस१ जनुकाच्या खास रूपामुळे डोंगरांवरच्या विरळ हवेतही त्यांचं हिमोग्लोबिन फार वाढत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतल्या लोकांचं मात्र वाढतं. डोंगरावरची उंची तशीच, शरीराने काढलेली वाट वेगळी! आग्नेय आशियात समुद्रात बुड्या मारणाऱ्या बजाऊ लोकांची प्लीहा (पोटातला, रक्तपेशी साठवणारा अवयव) शेजारच्या सालुआन लोकांपेक्षा सुमारे ५० टक्के मोठी, आणि बुडी न मारणाऱ्या बजाऊंचीही तशीच. म्हणजे हे वारशाने आलेलं. उलट उन्हाची सवय १०-१४ दिवसांत होते आणि सुटली की जाते.

पण लहानपणच उंचावर गेलं, तर फुप्फुसांत पडलेला फरक खाली आल्यावरही टिकतो का? हा तिसरा प्रकार कुणी अभ्यासला असेल, तर कृपया सोप्या शब्दांत सांगाल का? मुलांना चुकीचं काही सांगायचं नाहीये.