एमएक्स-५ (२००३) विकायची आहे: आधी काय करून घ्यावं?

हातगिअर:
मंडळी, दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५ विकायला काढतोय. १.८ इंजिन, मॅन्युअल गिअर, घडी होणारं काळं कापडी छत, मागे काचेची खिडकी. सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली आहेत. सायलेन्सर बाजारातून घेऊन बसवलेला आहे, कंपनीचा मूळचा जपून ठेवलाय. छताच्या घडीवर दोन्ही बाजूंना कापड थोडं घासलंय, भोक नाही. नवं छत घालून विकावी की आहे तशी? खालून अंडरकोटिंग (गंज रोखणारा काळा थर) मारून घेऊ का? आणि टेस्ट ड्राइव्ह कोणाला द्यायची, कोणाला नाही?

पत्राकाम:
छत बदलू नका. भोक नसताना घातलेल्या नव्या छताचे पैसे वसूल होत नाहीत. घासलेल्या जागेचा जवळून फोटो जाहिरातीतच टाका, म्हणजे तो मुद्दा पुढे घासाघिशीत येत नाही.

अशी उघड्या छताची गाडी (कन्व्हर्टिबल) घेणाऱ्याला खरी धास्ती असते पाण्याची. या गाडीत छतावरचं पाणी सीटांच्या मागे, बेल्टच्या खांबांजवळच्या दोन निचऱ्यांतून खाली जातं. तिथे पाला आणि माती साचून चिखल झाला, की पाणी एक तर गालिच्यावर येतं नाही तर दाराखालच्या सिलमध्ये, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पट्टीत, उतरतं. मग सिलचा मागचा भाग, चाकाच्या कमानीपाशी, आतून कुजतो. बाहेर रंगाला फोड येईपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो.

छत अर्धवट उघडून प्रत्येक बाजूला अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली लगेच धार लागली पाहिजे. नुसते थेंब पडत असतील तर वरचा चिखल हाताने काढा आणि गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हलक्या हाताने आत सारा. लोखंडी तार घालू नका. निचऱ्याची नळी फाटली किंवा खालून निसटली, तर सगळं पाणी सिलमध्येच. हाच प्रयोग घेणाऱ्यासमोर करून दाखवा. डिकीतला गालिचाही उचलून बघा, मागच्या दिव्यांचे गॅस्केट (रबरी सील) कडक झाले की तिथूनही पाणी झिरपतं.

छताला सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. पूर्ण सुकल्याशिवाय घडी घालू नका, बुरशीचा वास गाडीत बसल्या बसल्या कळतो.

स्पॅनर१४:
अंडरकोटिंग अजिबात नको. विक्रीच्या तोंडावर मारलेला ताजा काळा थर दिसला की जाणकाराला वाटतं, खाली काहीतरी झाकलंय. उलट खालचा भाग धुऊन, सुकवून, जसा आहे तसे फोटो काढा. या पिढीत इंजिनखालच्या, पुढच्या सस्पेन्शनला जोडलेल्या चासीच्या दांड्या आतून गंजतात. तिथे पत्रा दुपदरी आहे आणि मधे ओल धरते. माहितगार माणूस सगळ्यात आधी तिथेच वाकून बघणार. तेवढे दोन फोटो स्पष्ट हवेत.

टायमिंग बेल्ट (इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा) कधी बदलला? साधारण १ लाख किलोमीटरला तो बदलायचा असतो. वॉटर पंप त्याच वेळी बदलला असेल तर बिलावर दोन्हीची नोंद आणि किलोमीटरचा आकडा दिसू दे. बेल्टची वेळ आली असेल तर बदलूनच विका. नाहीतर घेणारा खर्चाच्या दुप्पट पैसे कापून मागतो.

क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) या गाड्यांत हमखास गळतो. रबरी टोपी मागे करून बघा, आत ओल असेल तर बदला. किरकोळ काम आहे. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी म्हातारे टायर भाव पाडतात.

सायलेन्सर मूळचा चढवा, बाहेरचा वेगळा विका. मूळ रूपातल्या गाडीला गिऱ्हाईक जास्त.

उनाडचाक:
फोटो ढगाळ उजेडात काढा. मोबाइल जवळ नेऊन काढलात तर नाक फुगलेलं दिसतं, चार-पाच पावलं मागे जाऊन झूम करा. छत लावलेलं आणि उघडलेलं, दोन्ही. ड्रायव्हर सीटची बाहेरची कड आणि रिमवरचे ओरखडे वगळू नका.

बघायला येणार असतील तर इंजिन आधीपासून गरम करून ठेवू नका. थंड इंजिन समोर सुरू झालं, तरच त्यांचा विश्वास बसतो. टेस्ट ड्राइव्हआधी मूळ परवाना हातात घेऊन बघा आणि विम्यात दुसऱ्या चालकाला संरक्षण आहे का ते विमा कंपनीला विचारा. नसेल तर चाक तुमच्याच हातात राहू दे, त्यांना शेजारी बसवा. चालवायला दिलीत तरी चालक बदलताना किल्ली खिशात घालूनच उतरा.

हातगिअर:
बेल्ट आणि पंप बिलात आहेत. एक राहिलं: मागच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात कापड किंचित सुटतंय. सुपरग्लू चालेल?

पत्राकाम:
नको. तो कडक होतो, घडी घालताना तडकतो आणि पांढरा डाग राहतो. छताचं काम करणाऱ्याकडून लवचिक युरेथेन गोंदाने चिकटवून घ्या, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत छत उघडू नका.

उनाडचाक:
विसार घेतलात तर पावतीवर रक्कम, चासी नंबर आणि उरलेले पैसे द्यायची तारीख लिहा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट धरू नका, खात्यात जमा झालेले दिसल्यावरच किल्ली द्या. मालकी बदलाचे कागद त्याच दिवशी करा, आणि ताबा दिल्याची वेळ व किलोमीटर लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्यानंतरचा दंड किंवा अपघात तुमच्या नावावर येऊ नये, यासाठी हे सगळे कागद कामी येतात.