न्यूटनच्या बादलीचं काय?

'वस्तू काढून घेतल्या की अवकाश (म्हणजे वस्तू जिच्यात असतात ती जागा) उरतच नाही, ते वस्तूंमधलं निव्वळ नातं' असं एक मत आहे. न्यूटनचा समकालीन जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझ याचंही हेच म्हणणं. पण मग न्यूटनच्या बादलीचं काय? पीळ दिलेल्या दोरीला टांगलेली पाण्याची बादली सोडली की आधी नुसती बादली फिरते, पाणी सपाटच. मग पाणीही बादलीच्याच वेगाने फिरू लागतं आणि कडेला चढतं. म्हणजे बादलीच्या सापेक्ष पाणी स्थिर असताना मधे खळगा पडतो! मग ते फिरतंय कशाच्या सापेक्ष? न्यूटनच्या मते, खुद्द अवकाशाच्या. भौतिकशास्त्रज्ञ माखने याचं श्रेय अवकाशाऐवजी दूरच्या ताऱ्यांना दिलं; मला ते कधी पुरतं पटलं नाही. २००४ साली सोडलेल्या ग्रॅव्हिटी प्रोब बी उपग्रहात पिंगपाँगच्या चेंडूएवढे क्वार्ट्झचे गोळे गरगर फिरत होते. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याने त्यांचे अक्ष अगदी किंचित, पण मोजण्याइतके सरकले. म्हणजे फिरणारी पृथ्वी भोवतालचं अवकाशच सोबत ओढते. जे असं ओढलं जातं, ते नुसतं नातं कसं?