मदत हवी आहे: 'क्वाइट गुड' म्हणजे खूप चांगलं की बरं?

प्लीज कुणीतरी नीट समजावून सांगा. माझ्या लेखावर एका ब्रिटिश एडिटरने शेरा दिलाय, "इट इज क्वाइट गुड". डिक्शनरी उघडली तर क्वाइटचे "पूर्णपणे" आणि "बऱ्यापैकी" असे दोन्ही अर्थ दिलेत, मग वाचणाऱ्याने कुठला धरायचा? "यू आर क्वाइट राइट" म्हणजे अगदी बरोबर, "क्वाइट इम्पॉसिबल" म्हणजे अजिबात शक्य नाही, इथवर काही अडत नाही, पण गुड, नाइस, इंटरेस्टिंग असले शब्द आले की गाडी अडते. त्यात "क्वाइट अ फ्यू पीपल" म्हणजे म्हणे बरीच माणसं, फ्यू म्हणजे तर थोडी ना? एडिटरला आज उत्तर द्यायचंय, नुसतं थँक्यू लिहू की काय सुधारू ते विचारू?

प्रतिसाद:
उदाहरणं छान निवडलीत, उत्तर त्यातच आहे. राइट, इम्पॉसिबल, फिनिश्ड यांच्यात कमी-जास्त असं काही नसतं, काम एकतर संपलेलं असतं नाहीतर नसतं, तिथे क्वाइट म्हणजे पूर्ण, आणि जुना अर्थ हाच. गुड, टायर्ड, एक्स्पेन्सिव्ह हे कमी-जास्त होऊ शकतात, तिथे ब्रिटिश माणूस बहुतेक वेळा "बऱ्यापैकी" म्हणत असतो आणि अमेरिकन म्हणाला तर "खूपच". बोलण्यात जोर कुठे आहे ते ऐकायचं, ब्रिटिश माणसाने क्वाइटवर जोर दिला तर "ठीक आहे, पण...", गुडवर दिला तर आवडलंय. लिहिलेल्यात जोर कुठून दिसणार, म्हणून पुढचं वाक्य बघा, बट आलाय का? "नॉट क्वाइट रेडी" म्हणजे जवळजवळ झालंय, थोडं राहिलंय. "क्वाइट अ फ्यू" मात्र अख्खं पाठच करा, सुटे शब्द घेऊन अर्थ लागत नाही. आणि स्पेलिंग सांभाळा, शेवटी ई-टी झालं की तो शांतवाला शब्द होतो, स्पेलचेक पकडेलच असं नाही.

धागाकर्ती:
खूप आभार! पुढे बट आहेच, "बट द एंडिंग नीड्स वर्क", म्हणजे बऱ्यापैकीच. शेवटात नेमकं काय खटकलं ते विचारते आता. अजून एक, मला स्वतःला कुणाचं मनापासून कौतुक करायचं असेल तर क्वाइट टाळून सरळ व्हेरी किंवा रिअली लिहिलं तर ब्रिटिश, अमेरिकन दोघांनाही सारखंच कळेल ना?