४ कोटी आकडी मूळ संख्या: शोध की विजेची उधळपट्टी?

कोरडेठाक: ऑक्टोबर २०२४ मध्ये गिम्प्स या, लोकांच्या संगणकांवर अशा प्रचंड मूळ संख्या शोधणाऱ्या प्रकल्पात ल्यूक ड्युरांट यांना २^१३६२७९८४१ − १ ही मूळ संख्या सापडली. अंक ४,१०,२४,३२०. द्विमान पद्धतीत लिहिली तर नुसते एक्के, एकापुढे एक. माहिती कुलूपबंद करणाऱ्या २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीला जेमतेम ३०९ अंकी मूळ संख्या लागतात, त्याही गुप्त. जगजाहीर संख्येचं कुलूप कोण लावणार?

शेषनाग: कुलपाचं मान्य. पण ते एक्केच तर महत्त्वाचे. संख्येत १ मिळवला की २ चा शुद्ध घात मिळतो, म्हणून संख्या मूळ आहे का हे ठरवणारी ल्युका-लेहमर चाचणी चालते. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्या. शेवटी ० आली तर मूळ. फेऱ्या घातांकाहून २ कमी. ३१ घ्या, घातांक ५, फेऱ्या ३: ४ वरून १४, १९४ ची बाकी ८, ६२ ची बाकी ०. मूळ! बाकीसाठी भागाकारही नको, वरचे बिट खालच्यांत मिळवले की झालं. घातांक ११ ला शून्य येत नाही, कारण २०४७ = २३ × ८९.

कोरडेठाक: ३१ ला सोपं हो. साडेतेरा कोटी फेऱ्यांत एक बिट उलटला की सगळं पाण्यात.

राउंडऑफ: म्हणूनच पहिली चाळण आता ल्युका-लेहमरची नसते. संख्येचे साधारण १८-१८ बिटांचे तुकडे करून एफएफटी या जलद गुणाकाराच्या पद्धतीने वर्ग काढतात. दशांश उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणायचं असतं, चूक ०.५ च्या जवळ गेली की भलताच पूर्णांक हाती येतो. आधी पाया ३ ची फर्मा चाचणी करतात (ती संख्येला फक्त 'बहुधा मूळ' ठरवते), कारण तिला गेर्बिच तपासणी जोडता येते: चूक दिसली की मागच्या खात्रीच्या टप्प्यावरून पुन्हा सुरू. ही संख्या ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या ए१०० या ग्राफिक्स चिपवर 'बहुधा मूळ' ठरली, दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनिओतल्या एच१०० चिपवर ल्युका-लेहमरने पक्की झाली.

चौकस: आयआयटी कानपूरची २००२ ची एकेएस ही मूळ संख्या ओळखणारी चाचणी का नाही वापरत?

राउंडऑफ: ती कुठल्याही संख्येला चालते, पण या आकाराला फार म्हणजे फारच संथ.

शेषनाग: आणि उपयोगाचं म्हणाल तर २^५२१ − १ ही १९५२ मध्ये सापडली. डिजिटल सहीत वापरला जाणारा पी-५२१ हा गणिती वक्र तिच्यावरच उभा आहे, तो कितीतरी दशकांनी आला.

कोरडेठाक: ती १५७ अंकी! इथे नुसती संख्या साठवायला १७ एमबी. अशी किल्ली खिशात घालून फिरा. गिम्प्सच्या प्राइम९५ या प्रोग्रामने प्रोसेसरची परीक्षा होते हे खरं, २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरचा दोष त्यातूनच उघडा पडला. पण त्याला विक्रम कशाला हवा? तीच आकडेमोड जुन्या घातांकावरही होते. वर २ च्या घातातून १ वजा करून मिळणारी 'बावन्नावी' मूळ संख्या म्हणून मिरवणं.

शेषनाग: बावन्नावी *ज्ञात*. मधले सगळे घातांक दोनदा तपासून झालेले नाहीत, एखादी निसटलेली असू शकते. २१६०९१ हा घातांक १९८५ मध्ये सापडला, आणि त्याच्या खालचा ११०५०३ थेट १९८८ मध्ये.