हबास डिफेन्सिव्ह आहे, मग बिघडलं कुठे?

नेरूळकर: काल खारघरच्या टर्फवर खेळून झाल्यावर चहाला थांबलो तर विषय निघाला फुटबॉल कोच अंतोनिओ हबासचा आणि पोरं लगेच सुरू, बस पार्क करतो म्हणजे सगळे गोलसमोर उभे करतो, बघवत नाही वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. या माणसाने कोलकात्याच्या टीमला दोन आयएसएल (इंडियन सुपर लीग) ट्रॉफ्या दिल्या, २०१४ आणि २०१९-२०, वर २०२४ ला मोहन बागानला लीग शील्ड, म्हणजे लीगच्या टेबलात पहिला आल्याचं बक्षीस. २०१४ ची फायनल तर आपल्या डी. वाय. पाटीलला झाली, मी स्टँडमध्ये होतो. समोरच्या केरळा ब्लास्टर्सचं प्रेशर होतं पण टीम मोडली नाही, आणि इंज्युरी टाइममध्ये कॉर्नरवर रफिकचं हेडर. १-०. ह्याला कोचिंग नाही तर काय म्हणायचं?

वाशी सेक्टर १७: दादा त्याच सीझनचं पूर्ण सांग ना. लीगमध्ये १४ पैकी फक्त ४ जिंकल्या, ७ ड्रॉ. सेमीला गोव्याविरुद्ध दोन्ही मॅच ०-०, पेनल्टीवर पुढे गेले. म्हणजे प्लेऑफच्या तीन मॅचमध्ये एक गोल मारून चॅम्पियन! टॉप चारमध्ये घुसून प्लेऑफ मिळाला की पुरे असा फॉरमॅट होता म्हणून ते खपलं.

ऐरोली लेफ्टबॅक: २०१९-२० ची टीम बघितलीस का पण? मागे तीन, बाजूने प्रबीर दास आणि सुसाइराज पळतायत, पुढे रॉय कृष्णा आणि विल्यम्स. कृष्णाचे १५ गोल. फायनल चेन्नईयिनविरुद्ध ३-१. बॉल गेला की विंगबॅक खाली येऊन पाच जणांची लाईन होते, मिळाला की तेच दोघं वर. मी स्वतः बॅक खेळतो, ह्यात किती दम लागतो ते मला माहितीये.

वाशी सेक्टर १७: मान्य, ती टीम चांगलीच होती. पण पुढच्याच वर्षी काय झालं, कोलकात्याची टीम मोहन बागानमध्ये मिसळली, मग कोच लोबेराची मुंबई सिटी आणि हबासची ती बागान दोघांचे ४० पॉइंट, मुंबईने दोन्ही मॅच जिंकल्या होत्या म्हणून शील्ड आपल्याकडे आली, शेवटची तर २-० अशी, आणि मग फायनलला पण आपणच २-१. समोरची टीम मागून पास करत करत घाबरत नसेल ना, तर ह्याच्याकडे दुसरा प्लॅन नसतो, माझा सगळा राग त्यावर आहे. डिफेन्स करण्यावर नाही.

नेरूळकर: त्या फायनलला पहिला गोल बागानचा होता. मग त्यांच्याच तिरीचा ओन गोल, आणि ९० व्या मिनिटाला त्यांचा कीपर पुढे आला, मुंबईच्या ओग्बेचेने बॉल काढला, बिपिनने मारला. ह्यात सिस्टिमचा काय दोष?

वाशी सेक्टर १७: आणि डिसेंबर २०२१ चे ५-१? तेही मुंबईनेच मारलेत. त्याच महिन्यात त्याने राजीनामा दिला.

सानपाडा कोच: मी चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो म्हणून मध्ये पडतो. ब्लॉक, म्हणजे सगळ्यांनी मिळून जागा बंद करणं, शिकवायला सगळ्यात कठीण, बॉल डावीकडे गेला की दहाच्या दहा जणांनी सरकायचं, एकजण झोपला की भगदाड. हबासचं ते काम खरंच सुंदर आहे, मी पोरांना दाखवतो. पण बॉल जिंकल्यावर पुढे कोणीच नसेल तर तो पाच सेकंदात परत येतो, मग नव्वद मिनिटं पाय कसे टिकणार?

नेरूळकर: ५-१ ला माझ्याकडे उत्तर नाही, ती मॅच वाईटच होती. पण १५ एप्रिल २०२४ आठवा. मुंबईला शील्डसाठी ड्रॉ पुरत होता, बागानला जिंकणं भाग होतं, आणि हाच माणूस कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर पुढे जाऊन २-१ जिंकला. गोल लिस्टन आणि कमिंग्सचे. गरज पडली की तो उघडतो रे.

वाशी सेक्टर १७: आणि १९ दिवसांनी फायनल, तेच मैदान, कमिंग्सने आधी गोल मारला, तरी आपण ३-१ जिंकलो. ती मॅच परत लाव आणि कमिंग्सच्या गोलनंतर त्यांची लाईन कुठे उभी होती ते बघ, मग बोलू.