अनुभव धागा: पडद्यावरचे झीगफ्रीड, बेओवुल्फ आणि आमलेथ

जर्मानिक वीरकथांवरचे चित्रपट आवडीने पाहणारे, मंडळांत दाखवणारे आणि मूळ काव्यं वाचणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा. नुसतं 'भारी आहे' किंवा 'कंटाळवाणा आहे' नको. मूळ कथेत प्रसंग कसा आहे, पडद्यावर तो कसा बसवलाय, कोणती प्रत पाहावी, दाखवताना काय बिघडतं, असं नेमकं लिहा.

सुरुवात करून देतो. ड्रॅगनला मारणाऱ्या झीगफ्रीडची कथा दोन वाटांनी आली आहे. एक जर्मन, म्हणजे १२०० च्या सुमाराचं 'नीबेलुंगेनलीड', ३९ सर्गांचं. दुसरी आइसलँडची, म्हणजे 'एडा' या जुन्या संग्रहातली गीतं आणि 'व्होल्सुंगा सागा' ही गद्यकथा. चित्रपट कोणत्या वाटेने चाललाय हे पहिल्या अर्ध्या तासात ओळखता येतं. ओडिन हा देव दिसला तर आइसलँडची वाट. वोर्म्समधला बुर्गुंडी राजा गुंथरचा दरबार, चर्चच्या पायऱ्या आणि पुढे हूणांचा राजा एट्सेल आला तर जर्मन.

सगळ्यात मोठा फरक सूडाचा आहे. आइसलँडच्या कथेत गुद्रून आपल्या भावांना मारणाऱ्या नवऱ्यावर, आटलीवर, सूड उगवते. जर्मन काव्यात क्रीमहिल्ड पहिल्या नवऱ्यासाठी, झीगफ्रीडसाठी, स्वतःच्या भावांचाच घात करते. बाई तीच, पण सूडाचं टोक नेमकं उलट दिशेला. हे माहीत नसेल तर दोन चित्रपटांची तुलना करताना हमखास गोंधळ होतो. वाग्नरच्या संगीतनाट्यांचा मुख्य आधार आइसलँडचा आहे, फ्रिट्झ लांगच्या १९२४ च्या दोन भागांच्या मूकपटाचा, 'डी नीबेलुंगेन'चा, जर्मन. म्हणून लांगचा चित्रपट पाहताना वाग्नर डोक्यातून बाजूला ठेवायचा.

*

लांगच्या ड्रॅगनबद्दल लिहिते, कारण लोक 'जुना आहे, लुटुपुटूचा वाटतो' म्हणून तो प्रसंग पुढे पळवतात.

नीबेलुंगेनलीडमध्ये ड्रॅगनची लढाई प्रत्यक्ष घडतच नाही. झीगफ्रीड वोर्म्सला येतो तेव्हा गुंथरचा सरदार हागेन खिडकीतून त्याला ओळखतो आणि राजाला ही हकीकत दोन-चार ओळींत सांगतो, बस. चित्रपटाला मात्र तो प्राणी उभा करावाच लागला. स्टुडिओतल्या कृत्रिम जंगलात, आत माणसं बसवून चालवलेला, पंधरा मीटरच्या वर लांबीचा. मान, जबडा, शेपूट यांची हालचाल वेगवेगळी माणसं करत. त्यामुळे त्याच्या चालीत एक जडपणा आहे, आणि तो जडपणा मला फार मोलाचा वाटतो. तो हल्ला करायला येत नाही, पाण्यावर येतो. आधी पाणी पितो. प्रेक्षकाच्या पोटात कालवतं ते तिथेच.

आता पान. काव्यात झीगफ्रीड रक्तात न्हात असताना लिंडनच्या झाडाचं पान खांद्यांच्या मध्ये पडतं आणि रक्ताने अभेद्य झालेल्या अंगावर तेवढीच जागा मऊ राहते, एवढंच येतं. तेही क्रीमहिल्ड नंतर हागेनला सांगते तेव्हा. लांगने काय केलं बघा: मरता मरता ड्रॅगन शेपूट हलवतो, ती झाडाला लागते, आणि पान सुटतं. योगायोगाच्या जागी कारण आलं. मारलेल्या प्राण्याने मारणाऱ्याचा मृत्यू त्याच्या पाठीवर ठेवला. आपल्याकडे दुर्योधनाची मांडी ऐकत मोठे झालेल्यांना अंगावरच्या एका मऊ जागेचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

रक्ताचा थेंब जिभेला लागताच पक्ष्यांची भाषा कळणं मात्र आइसलँडकडचं. म्हणजे लांगने आणि पटकथाकार थेआ फॉन हार्बू यांनी जर्मन काव्याच्या सांगाड्यात हवं तिथे उत्तरेकडचं सामान घेतलं आहे. तलवारीची परीक्षाही तशीच. सागात धार पाहायला लोकरीचा पुंजका वाहत्या पाण्यात सोडतात आणि तलवार तो कापते. चित्रपटात पीस हवेतून खाली येतं आणि पात्यावर दुभंगतं. कृष्णधवल पडद्यावर वाहत्या पाण्यातली लोकर दिसलीच नसती. काळ्या पार्श्वभूमीवर उतरणारं पांढरं पीस शेवटच्या रांगेतूनही दिसतं.

*

मंडळात दाखवणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी.

प्रत: जुने जर्मन चित्रपट जपणाऱ्या मुर्नाऊ प्रतिष्ठानने दुरुस्त केलेली, २०१० मध्ये आलेली प्रतच घ्या. पहिला भाग साधारण १४९ मिनिटं, दुसरा १३१. दोन्ही एकाच दिवशी दाखवू नका. प्रत्येक भागात सात गाणी, म्हणजे सात प्रकरणं आहेत. पहिल्या भागात मध्यंतर चौथ्या गाण्यानंतर ठेवा. तिथे दुहेरी लग्न होतं आणि पाचव्यात थेट सहा महिन्यांनंतरची गोष्ट सुरू होते, त्यामुळे कुठेही धागा तुटत नाही.

वेग: मूकपटाच्या फुकट मिळणाऱ्या प्रतींत माणसं तुरुतुरु चालतात, त्याचं कारण साधं आहे. ३५ मिमी फिल्मच्या एका मीटरमध्ये साधारण ५२.५ फ्रेम बसतात. १००० मीटर फिल्म सेकंदाला १८ फ्रेमने चालवली तर ४८.६ मिनिटं लागतात; बोलपटाच्या २४ फ्रेमने चालवली तर ३६.५. म्हणजे पाऊण तासातली बारा मिनिटं गायब. लांगच्या चित्रपटाची सगळी ताकद संथपणात आहे, तिथे हा फटका जीवघेणा ठरतो. प्रत निवडताना आधी लांबी बघा. पहिला भाग दोन तासांच्या आत संपत असेल तर ती प्रत वेगाने चालवलेली किंवा कापलेली आहे.

चौकट: मूळ चौकट ४:३ ची. रुंद पडद्यावर 'पूर्ण भरा' हा पर्याय चालू राहिला तर वरखाली कापलं जातं आणि मुकुट, भाल्यांची टोकं, कमानी निघून जातात. टीव्हीवरची हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करा. नारिंगी छटा दिसली तर प्रोजेक्टर बिघडलाय असं समजू नका, ती छटा दुरुस्त प्रतीतलीच आहे.

संगीत: गॉटफ्रीड हुपर्ट्झचं. वाग्नर वाजू लागला तर प्रत चुकीची आहे. १९३३ मध्ये पहिल्या भागाची छोटी ध्वनी आवृत्ती निघाली, तिला वाग्नरचं संगीत आणि निवेदन जोडलेलं होतं. ती वेगळी वस्तू आहे.

*

वरच्या प्रतिसादात एक भर. त्या काळी परदेशी विक्रीसाठी वेगळी निगेटिव्ह लागायची, म्हणून शेजारी दुसरा कॅमेरा लावत किंवा दुसरा टेक वापरत. दोन प्रतींत तोच प्रसंग किंचित वेगळ्या कोनातून दिसला तर कुणी नंतर छेडछाड केली असेल असं लगेच मानू नका.

*

राण्यांच्या भांडणाबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि माझ्या मते पहिल्या भागाचा कणा तोच आहे.

काव्यात वोर्म्सच्या चर्चसमोर आधी कोण आत जाणार यावरून वाद पेटतो. क्रीमहिल्ड पुरावा म्हणून गुंथरच्या राणीची, ब्रुनहिल्डची, अंगठी आणि कमरपट्टा दाखवते. कमरपट्टा म्हणजे काय हे ऐकणाऱ्याला लगेच कळत होतं: लग्नानंतरच्या रात्री गुंथरच्या जागी झीगफ्रीडने तिला नमवलं होतं. चित्रपटात कमरपट्टा नाही. त्याच्या जागी दंडावरचं वळं आहे. पडद्याच्या दृष्टीने हे बरोबरच. अंगठी दाखवायची तर जवळून चित्र घ्यावं लागतं आणि पायऱ्यांवरची ती सगळी मांडणी मोडते. हात वर केला की वळं लांबूनही दिसतं.

हा प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना संवादपाट्या वाचू नका, फक्त पायऱ्या बघा. कोण वर आहे, कोण खाली, कोण एक पायरी चढलं. एकीचा पोशाख फिका, दुसरीचा गडद. ओटो हुंटे, एरिख केटेलहुट आणि कार्ल फोलब्रेख्त यांच्या नेपथ्यात रिकाम्या भिंती एवढ्या मोठ्या आहेत की माणूस अर्धा फूट सरकला तरी समतोल ढळलेला जाणवतो. पोशाखांवरची भौमितिक नक्षी आणि दरबाराची मांडणी पाहून कार्ल ओटो चेश्काची नीबेलुंगेनवरची पुस्तकचित्रं आठवतात. ती मिळाली तर शेजारी ठेवून पाहा. आणि क्रीमहिल्डच्या स्वप्नातले ससाणे चुकवू नका. तो तुकडा वाल्टर रुटमानने केलेलं अ‍ॅनिमेशन आहे.

*

दुसरा भाग, 'क्रीमहिल्डचा सूड'. इथे मला स्पष्ट बोलायचंय.

काव्यातला एट्सेल उदार राजा आहे. त्याच्या दरबारात ख्रिस्ती आणि इतर शेजारी नांदतात, परागंदा वीरांना आसरा मिळतो. डीट्रिख फॉन बेर्नसारखा वीर त्याच्याकडे राहतो तो उगाच नाही. लांगच्या चित्रपटात हूण जमिनीलगत वाकून पळतात, मातीच्या बिळांसारख्या घरांत राहतात. बुर्गुंडी माणसं सरळ रेषेत उभी, हूण म्हणजे वळवळणारी गर्दी. हा भेद काव्यात नाही, चित्रपटाने घातलेला आहे. चित्रपट दाखवताना हे आधी सांगायला हवं. मी तर म्हणेन, एट्सेलच्या स्वागताचा सर्ग मोठ्याने वाचून मगच दुसरा भाग लावावा.

तरीही शेवटचा जळता महाल पाहण्यासारखा आहे. दाराशी उभी क्रीमहिल्ड, मार्गारेटे श्योन, जवळजवळ हालत नाही. भोवती सगळं कोसळतंय आणि ती खांबासारखी. काळही इथे आवळलाय. काव्यात झीगफ्रीडच्या खुनापासून एट्सेलशी लग्नापर्यंत आणि तिथून भावांना आमंत्रण जाईपर्यंत मिळून पंचवीसच्या वर वर्षं जातात. चित्रपटात तान्हं मूल पाळण्यात असतानाच सूड येतो. त्यामुळे काव्यातला थंड, मुरलेला राग जाऊन ताजा राग आला.

*

१९६६-६७ चा हाराल्ड राइनलचा दोन भागांचा रंगीत चित्रपट कुणी घेणार असेल तर एवढंच: ब्रुनहिल्डच्या देशासाठी खरं आइसलँड वापरलंय, तेवढ्यासाठी जरूर पाहा. झीगफ्रीड झालेला ऊवे बायर हातोडाफेकपटू होता, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलेला. अंग शोभतं. पण ड्रॅगन स्वच्छ उजेडात आणला की सगळे सांधे दिसतात. लांगने धुकं आणि झाडांची छाया का ठेवली होती ते इथे कळतं.

*

बेओवुल्फ, जुन्या इंग्रजीतलं वीरकाव्य. ३१८२ ओळी, एकच हस्तलिखित, तेही १७३१ च्या आगीत कडा जळलेलं.

रॉबर्ट झेमेकिसच्या २००७ च्या, संगणकावर साकारलेल्या चित्रपटात मुख्य बदल जोडणीचा आहे. काव्यात ग्रेंडेल हा राक्षस, त्याची आई आणि ५० वर्षांनंतरचा ड्रॅगन ही तीन वेगळी संकटं आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये बेओवुल्फ समुद्र ओलांडून आपल्या देशी परततो आणि तिथे राजा होतो. चित्रपटात तो डेन्मार्कमध्येच राहतो, ग्रेंडेल डेन राजा ह्रोथगारचा मुलगा निघतो आणि ड्रॅगन बेओवुल्फचा. गोष्ट घट्ट झाली खरी, पण किंमत मोजून. काव्यातला म्हातारा राजा निष्कलंक असतो आणि तरी मरतो. चित्रपटातला स्वतःच्या पापाची फळं भोगतो. मला पहिला जास्त भिडतो.

ग्रेंडेलचे संवाद मात्र कान देऊन ऐका, ते जुन्या इंग्रजीत आहेत.

ज्यांना हाडामांसाची माणसं हवीत त्यांनी याच कथेवर बेतलेला १९९९ चा 'द थर्टीन्थ वॉरियर' पाहावा. तिथे ड्रॅगन म्हणजे रात्री डोंगरावरून मशाली घेऊन एका ओळीत उतरणारे घोडेस्वार. ती रांग पहिल्यांदा दिसते तो दूरचा शॉट मोठ्या पडद्यावरच बघा, छोट्या पडद्यावर तो नुसत्या ठिपक्यांचा होतो.

*

आमलेथचं राहिलं. रॉबर्ट एगर्सचा 'द नॉर्थमन' (२०२२) साक्सो ग्रामाटिकुसच्या लॅटिन इतिहासातल्या कथेवर आहे, हॅम्लेटचं मूळ तेच. साक्सोकडे आमलेथ वेडाचं सोंग घेतो, लाकडी काटक्यांना टोकं काढत बसतो, आणि कशासाठी विचारलं तर बापाच्या सूडासाठी भाले करतोय असं खरंच सांगतो, लोक हसतात. शेवटी दारू पिऊन पडलेल्या सरदारांवर आईने विणलेलं जाळं टाकतो, त्याच काटक्यांनी ते घट्ट अडकवतो आणि महालाला आग लावतो.

एगर्सने सोंग जवळजवळ काढूनच टाकलं. त्याचा आमलेथ गुलाम बनून आइसलँडला जातो. काटक्या आणि जाळं दोन्ही गेलं, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण पहिल्या प्रसंगातली वस्तू शेवटी हत्यार होते असा दुवा चित्रपटाला आयता मिळाला होता.

तलवार मात्र राहिली, वेगळ्या रूपात. साक्सोकडे आमलेथची तलवार भोवतीच्या लोकांनी म्यानासकट खिळा ठोकून बंद केलेली असते. तो काकाच्या उशाशी जातो, तिथली तलवार स्वतः घेतो आणि आपली तिच्या जागी टांगतो. काका जागा होतो, मूठ धरून ओढत राहतो, आणि पातं बाहेर येत नाही. चित्रपटात तलवार फक्त रात्री किंवा हेलच्या, म्हणजे मृतांच्या लोकाच्या, दाराशीच म्यानातून निघते, दिवसा कितीही जोर लावला तरी नाही. खिळ्याच्या जागी जादू आली, पण मुठीवरचा हात तसाच ओढत राहतो.