शब्दचर्चा : नावे, जमा, उचल आणि जिंदगी

आमच्या शेजारची अकरावी वाणिज्यची मुलगी परवा पासबुक आणि पुस्तपालनाची वही असं दोन्ही घेऊन आली. "काका, मी बँकेत पाचशे रुपये भरले. पासबुकात ते जमेच्या रकान्यात आलेत. वहीत मात्र सर 'बँक खाते नावे' लिहायला सांगतात. मग जमा खरं की नावे?"

मी तीस वर्षं एका पतसंस्थेत हिशेबाच्या टेबलावर काढली. हा प्रश्न तिथं नव्यानं लागलेल्या जवळजवळ प्रत्येकानं विचारला. उत्तर एका ओळीचं आहे: दोन्ही खरं, कारण वह्या दोन आहेत. पासबुक ही तुमची वही नसून बँकेच्या खतावणीतल्या, म्हणजे खात्यांच्या वहीतल्या, तुमच्या पानाची नक्कल आहे. तुम्ही दिलंत, म्हणून बँकेनं तिच्या वहीत तुमच्या खात्यावर जमा मांडलं. तुमच्या वहीत बँक घेणारी, म्हणून रक्कम बँकेच्या नावे. पुस्तकातला नियमही हाच आहे: घेणाऱ्याचे खाते नावे करा, देणाऱ्याचे जमा करा.

तरीही हा गोंधळ का टिकतो, ते शब्दांकडे पाहिलं की कळतं. 'नावे' हा शब्द आपण तोडून ठेवलाय. तो मुळात अर्धं वाक्य आहे. 'कुणाच्या' हा त्याचा पहिला भाग गळाला. वडिलांच्या धान्याच्या दुकानात मी लहानपणी ऐकायचो, "पाटलांच्या नावे दोन पायली ज्वारी मांड." पाटलांनी ज्वारी नेली, ती त्यांच्या नावावर लिहिली, आता त्यांच्याकडून येणं आहे. यात न कळण्यासारखं काय आहे? तेच 'पाटील खाते नावे' असं पुस्तकी झालं की मुलांना ते घोकावं लागतं. मी मुलांना सांगतो, 'नावे' वाचताना आधी मनात 'च्या' म्हणा. बँकेच्या नावे. रमेशच्या नावे. भाड्याच्या नावे. गंमत अशी की इंग्रजीतल्या डेबिटच्या पोटातही हाच विचार आहे. तो शब्द लॅटिनमधल्या 'देणं लागणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला, आणि क्रेडिट 'विश्वास ठेवणे' यावरून.

'जमा'ची अडचण वेगळी. हा अरबी शब्द, अर्थ गोळा करणे. जमाव, जमात ही त्याचीच भावंडं. अष्टप्रधानांतल्या अमात्याला आधी मुजुमदार म्हणत, त्या मुजुमदारातही हाच 'जमा' बसलाय, कारण राज्याच्या जमाखर्चावर नजर ठेवणं हे त्याचं काम. शेतसारा ठरवायची ती जमाबंदी, आणि पुण्यात जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय आजही आहे. पण बोलण्यात आपण 'जमेची बाजू' म्हणजे चांगली बाजू असा अर्थ पक्का केला. मुलं तो अर्थ घेऊनच वर्गात येतात: जमा म्हणजे चांगलं, नावे म्हणजे वाईट. मग देणी जमेच्या बाजूला दिसली की त्यांचा पाय घसरतो. हिशेबात जमा चांगलं नाही आणि वाईटही नाही. कुणीतरी दिलं, एवढंच ते सांगतं. ज्यानं दिलं त्याला कधीतरी परत द्यायचं असतं, म्हणून कर्जही जमेलाच येतं.

आता डावं-उजवं. इंग्रजी रीतीच्या वहीत डावी बाजू नावे, उजवी जमा. आपल्या देशी किर्दीत, म्हणजे रोजच्या देण्याघेण्याच्या वहीत, नेमकं उलट, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पतसंस्थांच्या किर्दी मी अशाच पाहिल्या आणि अशाच लिहिल्या. हे नुसतं बाजू बदलणं नव्हे, यामागे विचार आहे. इंग्रजी रोकडवहीत पाटलांकडून आलेले पैसे डावीकडे, रोकडीच्या नावे पडतात, आणि खतावणी करताना पाटलांच्या खात्यात उजवीकडे जमा होतात. बाजू फिरवावी लागते. आपल्या किर्दीत डावीकडे लिहिलेलं असतं ते पाटलांचंच जमा. खतावणीतही ते पाटलांच्या पानावर डावीकडेच जातं. काही फिरवायचं नाही. मग रोकडीचं खातं कुठं गेलं? ते वेगळं लिहायची गरजच नाही. आरंभीची शिल्लक अधिक जमा, वजा नावे, आणि उरते ती पेटीतली अखेरची शिल्लक. संध्याकाळी पेटी मोजायची, आकडा जुळला की दिवस मिटला. संगणक इंग्रजी रीत घेऊन आला तेव्हा आमच्या जुन्या कारकुनांचा हात वर्षभर अडखळत होता, तो याच कारणानं. ते चुकत नव्हते. त्यांच्या डोक्यातली वही वेगळ्या रीतीनं उघडत होती, आणि ते त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नाही. ही खंत मला अजून आहे.

'किर्द' शब्दाबद्दलही दोन ओळी. फारसीत 'करणे' या अर्थाचा धातू आहे, त्यातून हा आला. जे केलं ते लिहिलं, ती किर्द. जुन्या कागदांत कसलेल्या जमिनीलाही किर्द म्हटलेलं सापडतं, न कसलेली ती पडीत. 'खतावणी' म्हणजे किर्दीतल्या नोंदी खात्यांवर वाटून लावणं. खातं मात्र फार कामं करतं. पतसंस्थेत ते माणसाचं पान, सरकारात ते अख्खं पोलीस खातं, आणि तलाठ्याकडे ८-अ चा खातेउतारा.

तेरीज आणि ताळेबंद यांत मुलं नेहमी घोटाळा करतात. तेरीज म्हणजे गोषवारा. सगळ्या खात्यांच्या बाक्या एका कागदावर काढल्या आणि दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली, की तेरीजपत्रक जुळलं. ताळेबंदात 'ताळा' आहे, आपण गणिताचा ताळा करून पाहतो तोच. पेशवाईच्या दप्तरात ताळेबंद म्हटलं की वर्षाच्या जमेचा आणि खर्चाचा कागद समजायचा. आज त्याच शब्दानं आपण एका ठराविक दिवशी काय आहे आणि काय द्यायचं आहे त्याचं पत्रक समजतो. तेव्हा इतिहासाच्या पुस्तकात ताळेबंद दिसला तर आजचा अर्थ त्यात घुसवू नये.

पतसंस्थेच्या वार्षिक अहवालात ताळेबंदाला दोन मथळे असतात: डावीकडे 'भांडवल व देणी', उजवीकडे 'जिंदगी व येणी'. शहरातून आलेली एक नवी अधिकारी बाई हे वाचून थांबली होती. जिंदगी म्हणजे आयुष्य, ते उजवीकडे कसं? हिंदी सिनेमानं आपल्याला तो एकच अर्थ शिकवलाय. मराठीत जिंदगी म्हणजे मालमत्ता, स्थावर आणि जंगम. 'त्याची सगळी जिंदगी लिलावात गेली' यात घर आणि शेत गेल्याचं सांगितलेलं असतं. माझ्या मते हा मथळा बदलू नये. 'मत्ता' आणि 'दायित्व' हे शब्द चुकीचे नाहीत, पण सभेत शेवटच्या रांगेत बसलेल्या सभासदाला 'येणी' आणि 'देणी' लगेच कळतात. तो अहवाल त्याच्यासाठीच छापलेला असतो. त्याच यादीत 'फर्निचर व डेडस्टॉक' असंही असतं. डेडस्टॉक म्हणजे न खपलेला माल असं बाहेरचा माणूस समजेल. आपल्या कार्यालयांत त्याचा अर्थ टेबल, खुर्च्या, कपाटं, तिजोरी. सरकारी मराठीत त्याच्या वहीला जडवस्तुसंग्रह नोंदवही म्हणतात.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावलेला शब्द 'उचल'. पुस्तकात उचल म्हणजे मालकानं धंद्यातून स्वतःसाठी काढलेले पैसे, भांडवलातून वजा होणारे. एवढंच शिकवून मास्तर पुढं जातात. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो आणि दर वेळी त्याची दिशा निराळी असते. नोकर पगाराआधी उचल घेतो, ती पगारातून वळती होते. कारखान्यानं शेतकऱ्याला उसाच्या दरापोटी दिलेला पहिला हप्ता ती 'पहिली उचल', आणि जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दर हंगामाला त्याच आकड्याची वाट पाहिली जाते. इथं शेतकऱ्याचा ऊस आधीच कारखान्यात गेलेला असतो. पैसे त्याच्या हक्काचे असतात, ऊस गेल्यापासून १४ दिवसांत द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेशच सांगतो. तरी शब्द 'उचल', जणू तो आगाऊ काही नेतोय. मला हा शब्द इथं खटकतो. हप्ता म्हणावं, शेतकऱ्याचं येणं म्हणावं.

आणि त्याच उसाच्या फडात तिसरी उचल असते. बीडकडची ऊसतोड जोडपी हंगामाआधी मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल घेतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल कोयत्यावर ठरते. ती तोडलेल्या टनांतून फेडायची. आजारपण आलं, टन कमी भरले, तर उचल 'अंगावर' राहते आणि पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं. वहीच्या भाषेत मुकादमाचं हे येणं, मजुराचं देणं. पण मजूर कधीच 'माझ्या नावे एवढे आहेत' म्हणत नाही, तो 'अंगावर एवढे आहेत' म्हणतो. नाव कागदावर असतं, अंग कागदावर नसतं. फेडलेल्या उचलीला तो 'फिटली' म्हणतो, गाठ सुटावी तसं.

यावरून उसनं, उधार आणि कर्ज. तिन्ही घरात चालतात, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. वाटीभर साखर उसनी आणतात, वाटीभर साखरच परत जाते, व्याजाचा विषयच नाही. उधार म्हणजे माल आज, पैसे नंतर. त्यात दुकानदार लागतो. कर्जाला मुद्दल आणि व्याज लागतं. शेजारणीकडून कुणी साखर 'उधार' आणली असं म्हटलं तर आमच्या आईला तो परकेपणा वाटायचा. दुकानातून उधारीवर माल उचलत राहणं, त्याला जुना शब्द 'उचापत'. आज उचापत म्हणजे नसता उद्योग. असं खातं वाढत गेलं की घरात काय होतं ते पाहिलं, तर हा अर्थ कसा वळला असेल त्याचा अंदाज येतो. हा माझा अंदाज, व्युत्पत्ती म्हणून धरू नका.

'हिशेब चुकला' आणि 'हिशेब चुकता केला' यांकडे कधी लक्ष गेलंय का? पहिल्यात चूक, दुसऱ्यात पैसे पूर्ण दिले. 'कर चुकवला' म्हटलं तर दिलाच नाही, आणि 'देणं चुकतं केलं' म्हटलं तर पै न् पै दिली. परभाषक माणसाला मराठी हिशेब शिकवताना मी हे तीन वापर पहिल्याच दिवशी सांगायचो, कारण इथं एका प्रत्ययानं माणूस प्रामाणिक किंवा अप्रामाणिक ठरतो.

पाठ्यपुस्तकातल्या काही शब्दांवर मात्र माझा आक्षेप आहे. संस्थांच्या हिशेबात 'प्राप्ती-शोधन खाते' येतं. शोधन म्हणजे देणं भागवणं हे संस्कृतात बरोबर, 'ऋणशोधन' आहेच. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शोधनात शोध दिसतो. सोसायटीच्या सभेत 'जमा-खर्च' म्हटलं की सगळ्यांना कळतं. अडचण एवढीच की जमा-खर्च आणि उत्पन्न-खर्च यांतला फरक राखायला हवा. पुढच्या वर्षाची देखभाल वर्गणी कुणी आजच भरली तर ती जमा झाली, पण यंदाचं उत्पन्न झाली नाही. आणि सोसायटीच्या अहवालावर 'नफा' लिहू नये. ती धंदा करत नाही. तिथं 'वाढावा' म्हणावं. तो शब्द छान आहे आणि तो मरू द्यायचा नसेल तर वापरायला हवा. त्याच्या उलट 'तूट'. तोटा धंद्याला होतो, तूट अंदाजपत्रकात येते.

'घसारा' हा मला परिभाषेतला सर्वांत चांगला शब्द वाटतो. यंत्र वापरानं घासतं, झिजतं, आणि तेवढी किंमत दर वर्षी खर्ची पडते, जरी पेटीतून रुपया गेलेला नसला तरी. शब्द ऐकताच चित्र उभं राहतं. तसाच वर्तमानपत्रांतला 'परकीय चलनाची गंगाजळी'. घराघरांत काशीहून आणलेला गंगेचा गडू देवाजवळ तोंड बंद करून ठेवलेला असे, रोजच्या वापराला न काढायचा, अखेरच्या घोटभर पाण्यासाठी राखलेला. राखीव निधीला हे नाव देणाऱ्याला निधी कशासाठी असतो ते नेमकं कळलं होतं.

दिवाळीच्या वहीपूजनाचं एक राहिलं. व्यापारी पाडव्याला नवी चोपडी उघडत, तेव्हा त्यांचं हिशेबाचं वर्षही खरोखर तिथंच सुरू होई. आयकरासाठी १९८९-९० या कर निर्धारण वर्षापासून सगळ्यांना ३१ मार्च ही एकच अखेर झाली. पूजा पाडव्याची, वही एप्रिलची. त्यामुळे 'नवं खातं घातलं' हा पाडव्याचा वाक्प्रचार आमच्या बाजारात ऐकू येईनासा झालाय.

त्या मुलीच्या पासबुकाकडे परत येतो. तिच्या वहीत आणि पासबुकात दोनशे रुपयांचा फरक होता. तिनं काकूला दिलेला चेक अजून वटला नव्हता. तिच्या वहीत तो बँकेला जमा, पासबुकात अजून नावे पडायचा. बँक जुळवणी पत्रक तिनं स्वतःच्या हातानं केलं, पहिल्यांदाच. मग तिनं विचारलं, "वटला म्हणजे नक्की काय झालं?" वटणं म्हणजे कागदाचे पैसे होणं, आणि हुंडी, म्हणजे पैसे देण्याची मुदतीची चिठ्ठी, मुदतीआधी वटवली की सावकार कापून घेई तो वटाव, ते तिला सांगितलं. पण एका पानाचा मराठी शब्द मलाही सांगता आला नाही: ज्या रकमेचं खातंच कळत नाही, ती तात्पुरती कुठं टाकायची, त्या पानाला आम्ही आयुष्यभर देवनागरीत 'सस्पेन्स' लिहिलं. कुणी 'अनामत' लिहीत, पण अनामत तर परत द्यायची ठेव. तुमच्याकडच्या जुन्या चोपड्यांत त्या पानावर काय लिहिलेलं असे, ते मला हवं आहे.